गोंदियाचे वाचन आणि कपाटाच्या तळातील वह्या

१/ छोट्या गावातील वाचनालयाचा इतिहास लिहायचा म्हटले की आपण तीन गोष्टी शोधतो: स्थापनेचे वर्ष, संस्थापकांची नावे आणि उद्घाटनाचे छायाचित्र. या तिन्हींतून संस्थेचा इतिहास कळतो. वाचनाचा कळत नाही. तो दाखल नोंदवहीत, देवघेवीच्या वहीत आणि वर्गणीदारांच्या यादीत असतो. दुर्दैवाने रद्दीत सर्वांत आधी जातात त्या याच वह्या. आजचा धागा त्यांच्याविषयी, गोंदिया जिल्ह्याच्या निमित्ताने.

२/ आधी रूढ कथा. मराठी ग्रंथालयांचा इतिहास सहसा रत्नागिरीपासून (१८२८) सुरू होतो आणि नाशिक (१८४०), पुणे (१८४८) अशी स्थानके घेत ठाण्यास पोहोचतो. तेथे वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. १८९८ साली मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आले. ही परंपरा थोरच आहे. मात्र ही सारी गावे तत्कालीन मुंबई इलाख्यातील आहेत, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

३/ गोंदिया त्या इलाख्यात नव्हते. नागपूरचे भोसले राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि भंडारा जिल्हा त्यात गेला. गोंदिया याच जिल्ह्यातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा बनला. म्हणजे सुमारे पंचाण्णव वर्षे येथील कारभाराचे तोंड नागपूरकडे होते, मुंबईकडे नव्हते.

४/ याचा परिणाम इतिहासलेखनावर झाला. मुंबई सरकारने १९३९ साली ग्रंथालय विकासासाठी फैझी समिती नेमली. आपल्या ग्रंथालय चळवळीच्या इतिहासात या समितीला मानाचे पान असते. परंतु तिच्या कार्यक्षेत्रात गोंदिया असणे शक्यच नव्हते. तेव्हा या कागदांत पूर्व विदर्भ सापडला नाही म्हणून ‘तेथे वाचनसंस्कृती उशिरा पोहोचली’ असा निष्कर्ष काढणे हा सरहद्दीचा दोष वाचकांच्या माथी मारण्यासारखे आहे.

५/ मग गोंदियाची स्वतःची कथा कोठून सुरू करावी? माझे उत्तर: रेल्वेपासून. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा भाग हावडा मार्गाशी जोडला. विसाव्या शतकाच्या आरंभी येथून जबलपूरकडे सातपुड्याची अरुंद लोहवाट निघाली. धान, तेंदूपाने आणि बिडी यांच्या व्यापाराने गाव वाढले. रेल्वे कंपनीचे मुख्यालय कलकत्त्यात, बिडीच्या व्यापारात गुजराती कुटुंबे, उत्तरेस हिंदी मुलूख, भोवतालच्या खेड्यांत पोवारी, लोधी आणि गोंडी बोली.

६/ अशा जंक्शनच्या गावातील वाचनालयाला एकाच भाषेच्या परंपरेत बसवता येत नाही. पुण्याचा ‘केसरी’ (१८८१), नागपूरचा ‘महाराष्ट्र’ (१९१४), अलाहाबादचे ‘सरस्वती’ (१९००) ही नियतकालिके टपालाने आणि रेल्वेने प्रवास करीत. यांपैकी वाचनालयाच्या मेजावर काय येत होते, किती वर्षे येत होते आणि केव्हा बंद झाले? याचे उत्तर स्मरणिकेतल्या अध्यक्षीय मनोगतात मिळणार नाही. ते वर्तमानपत्रांच्या नोंदवहीत मिळेल.

७/ दाखल नोंदवही म्हणजे काय, हे थोडे सविस्तर पाहू. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक मिळतो. त्यासमोर तारीख, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठे, किंमत, खरेदी की भेट, बिलाचा क्रमांक आणि शेवटी शेरा. जीर्ण किंवा हरवलेले पुस्तक रीतसर वजा केले की त्या रकान्यात ‘निर्लेखित’ असे लिहितात. म्हणजे पुस्तकाचे येणे आणि जाणे एकाच ओळीत नोंदले जाते.

८/ आता ही वही इतिहासाचे साधन म्हणून वाचा. ‘भेट’ या नोंदी सलग आल्या तर कोणाचा तरी खासगी संग्रह वाचनालयाकडे आला असावा. किंमतीच्या रकान्यातून पुस्तक कोणाला परवडत होते, हे कळते. दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईच्या वर्षांत खरेदी रोडावली काय? १९५६ नंतर हिंदी पुस्तकांचे प्रमाण घटले काय? राज्याची सीमा बदलली की वाचकाची भाषाही बदलते काय, या प्रश्नाचे याहून विश्वासार्ह उत्तर दुसरीकडे मिळणे कठीण.

९/ आता सर्वांत अवघड प्रश्न. नावात ‘सार्वजनिक’ असले तरी वाचनालय कोणाचे होते? वर्गणी आणि अनामत रक्कम हे त्याचे दार होते. १९५४ साली बाबासाहेब आंबेडकरांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली; ते पराभूत झाले. त्या दशकातील सभासदांच्या यादीत कोणत्या वस्त्यांचे पत्ते आहेत? बिडी कामगारांच्या घरातील किती नावे आहेत? स्त्रियांची नावे कोणत्या वर्षापासून दिसतात? संस्थापकांच्या तसबिरी या प्रश्नांवर मौन पाळतात.

१०/ वर्गणीविना वाचनालय ही कल्पना तेव्हा अज्ञात होती असेही नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बडोद्यास आणले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणले. खेड्यांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्या. ब्रिटिश प्रांतांतील छोट्या गावांना असा राजाश्रय नव्हता. तेथील वाचनालये वर्गणीवर आणि देणगीवर जगली, म्हणून वर्गणीदारांची वही हाच त्यांचा सामाजिक इतिहास ठरतो.

११/ महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली आला. मद्रासने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी स्थानिक उपकर लावला होता. महाराष्ट्राने तो मार्ग घेतला नाही. येथे स्वयंसेवी संस्थांनी वाचनालये चालवायची आणि शासनाने अनुदान द्यायचे, अशी रचना राहिली. १९७० च्या नियमांनी अ, ब, क, ड हे वर्ग ठरले. या रचनेमुळे खेड्यापाड्यांत वाचनालये पोहोचली, हे तिचे मोठे यश आहे.

१२/ मर्यादाही तेथेच आहे. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० रुपयांवर गेले. म्हणजे महिन्याला ४,००० रुपये. त्यातच मानधन, पुस्तके, वर्तमानपत्रे आणि वीज. सालेकसा किंवा देवरीसारख्या तालुक्यातील अशा वाचनालयाने जुन्या वह्यांसाठी वाळवीरहित कपाट घ्यावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? दोष ग्रंथपालाचा नाही.

१३/ शासकीय दप्तरासाठी पुराभिलेखागार आहे. वाचनालयाची वही मात्र विश्वस्त मंडळाची मालमत्ता. पुस्तकाच्या निर्लेखनाला नियम आहेत, पण भरून संपलेल्या वहीची किंमत कोणी करीत नाही. इमारत पाडताना, जागा बदलताना, संगणकीकरण झाल्यावर ‘आता हिचा काय उपयोग’ म्हणून ती जाते. वास्तविक संगणकात बहुधा आज हाती असलेल्या पुस्तकांचीच यादी चढते. जी पुस्तके वाचून वाचून झिजली आणि निर्लेखित झाली, ती फक्त जुन्या वहीत उरतात. गावाने सर्वाधिक वाचलेली पुस्तके बहुधा तीच!

१४/ एक आक्षेप रास्त आहे. कोणी काय वाचले ही खासगी बाब नव्हे काय? आहेच. म्हणून अलीकडच्या पन्नास वर्षांच्या देवघेवीच्या वह्या अभ्यासकांनाही बंद ठेवाव्यात आणि जुन्या वह्यांवर लिहितानाही वाचकांची नावे वगळावीत. संशोधनाला प्रमाण हवे असते, व्यक्तीची ओळख नव्हे. दाखल नोंदवहीत तर वाचकांची नावे नसतातच. ती उघडी ठेवण्यास कसलीच हरकत नसावी.

१५/ ‘एका ओळीने काय होणार?’ असे वाटत असेल तर आमगावजवळच्या पद्मपूरकडे पाहा. आठव्या शतकातील नाटककार भवभूतीचे गाव हेच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. हे शक्य झाले, कारण भवभूतीने नाटकाच्या प्रस्तावनेत आपले गाव आणि कुळ सांगून ठेवले होते. ग्रंथाने जपलेल्या एका स्थलनामावर बारा शतकांनंतर संशोधन उभे राहिले. आपल्या वाचनालयांतील वह्यांत अशा हजारो नोंदी आहेत.

१६/ म्हणून दोन मागण्या. पहिली ग्रंथालय संचालनालयाकडे: पन्नास वर्षांहून जुनी कोणतीही नोंदवही तिची प्रतिमा घेतल्याशिवाय नष्ट करू नये, अशी अट अनुदानाच्या नियमांत घालावी आणि त्यासाठी वेगळा निधी द्यावा. दुसरी आपल्याकडे: मंडळाची लेखी परवानगी घ्यावी, मोबाइलने पाने टिपावीत, वर्षवार क्रम लावावा, एक संच वाचनालयाला आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावा. मूळ वही जागची हलवू नये.

१७/ गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव. आठ तालुके, आणि वाचनालयांच्या कपाटांत न वाचलेला एक इतिहास. इतर जिल्ह्यांतील मित्रांनाही हेच सांगणे. पुढच्या खेपेस वाचनालयात गेलात की एकच गोष्ट विचारा आणि उत्तर येथे लिहा: तुमच्या गावच्या वाचनालयात दाखल क्रमांक १ कोणत्या पुस्तकाचा आहे?