मुलूखमैदानच्या वाटेने

विजापूरच्या पश्चिम तटावर, शेरझा बुरुजावर मुलूखमैदान तोफ उभी आहे. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा उघडा जबडा आणि त्या जबड्यात सापडलेला हत्ती. कडक उन्हातही तिचा धातू थंड लागतो असे सांगतात, म्हणून येणारा प्रत्येक जण हात लावून बघतो. सोलापूरकडच्या शाळांच्या सहली वर्षानुवर्षे इथे येतात. मी सोलापूरच्याच एका शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे या बुरुजाच्या पायऱ्या मला पाठ आहेत. मुलांना मी आधी एकच गोष्ट सांगायची: ही तोफ विजापूरची नाही, नगरची आहे.

बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, १५४९ साली, मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या तुर्की कारागिराने ती नगरात ओतली. त्याचे नाव तोफेवरच कोरलेले आहे. नगरहून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने परांड्याहून विजापूरला आणली. हे मुरारपंत म्हणजे हत्ती नावेत चढवून त्याचे वजन करणारे, तुळापूरच्या गोष्टीतले. इंग्रजांच्या राज्यात, १८५४ मध्ये, तिचा मोडीत लिलाव झाला. बोली आली दीडशे रुपयांची. सुदैवाने तो सौदा रद्द झाला. आज ती कर्नाटकात आहे, जन्मगाव महाराष्ट्रात आहे आणि मधला मुक्काम आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात.

निवृत्तीनंतर मी आणि माझी नणंद या तोफेच्या वाटेने निघालो. नगर, करमाळा, परांडा, बार्शी, सोलापूर, विजापूर. मग मागे वळून नळदुर्ग आणि पुढे बिदर. सगळा प्रवास एसटीने आणि कर्नाटकाच्या लाल बसने. या प्रवासाने माझे एक मत पक्के झाले आणि ते मांडायला आजचा काळ योग्य आहे असे मला वाटते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. तो दिवस आम्ही घरात गोडधोड करून साजरा केला. त्याच युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०१४ पासून आणखी एक प्रस्ताव पडून आहे, दख्खनच्या सुलतानशाहीतील वास्तूंचा. त्यात गुलबर्गा आहे, बिदर आहे, विजापूर आहे, हैदराबादची कुतुबशाही आहे. महाराष्ट्रातले एकही ठिकाण नाही. नगर नाही, दौलताबाद नाही, परांडा नाही, नळदुर्ग नाही. पाच शाह्यांचा इतिहास सांगायचा आणि त्यातून निजामशाहीची राजधानीच वगळायची, हे मला पटत नाही. महाराष्ट्र शासनाने कर्नाटक आणि तेलंगणाशी बोलून आपली ही ठिकाणे त्या प्रस्तावात घालून घ्यावीत, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

नगरपासूनच सांगते. फराहबाग बघायला आम्ही सकाळी गेलो. १५८३ मध्ये पूर्ण झालेला हा अष्टकोनी महाल एका मोठ्या तलावाच्या मध्यभागी बांधला होता. चारी बाजूंना पाणी, मध्ये उंच कमानी, वाऱ्याला खेळायला जागा. आज तलावात थेंब नाही, गवत आहे. आत शिरलो तर वटवाघळांचा वास आणि पडलेल्या गिलाव्याचा चुरा. पण मधल्या दालनात उभे राहून वर पाहिले की कळते, हे बांधणाऱ्याला उन्हाळा म्हणजे काय ते नीट माहीत होते. भिंती जाड आहेत, छत दुमजली उंच आहे आणि प्रत्येक बाजूची कमान समोरच्या कमानीच्या रेषेत ठेवली आहे. मार्चच्या उन्हात आत गारवा होता. याच शहरात दमडी मशिदीचे काळ्या दगडातले नक्षीकाम आहे, १५६७-६८ सालचे. दगड इतका बारीक कोरलेला की बोट फिरवल्याशिवाय विश्वास बसत नाही. गावातल्या बहुतेकांनी ती पाहिलेली नाही. रिक्षावाल्याला आम्हीच रस्ता विचारत विचारत नेले. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे; १९४२ ते ४५ या काळात पंडित नेहरू तिथे कैदेत होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तिथेच लिहिले, एवढे लोक सांगतात. त्याच तटावरून चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांचा वेढा परतवला, हे सांगणारे कमी भेटले. उलट गावाबाहेरच्या डोंगरावरची सलाबतखानाची कबर लोकांच्या तोंडी ‘चांदबिबीचा महाल’ झाली आहे. लोकांना चांदबिबी आठवते, पण तिची खरी जागा दाखवायला कोणी नाही.

चांदबिबी हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची राणी. सोलापूरचा किल्ला तिच्या लग्नात आंदण म्हणून दिला होता. माझ्या गावाच्या किल्ल्यावरून निजामशाही आणि आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. नवरा गेल्यावर तिने विजापुरात पुतण्याच्या वतीने राज्य सांभाळले, नंतर माहेरी येऊन नगर लढवले. नगर आणि विजापूर ही दोन वेगळी पर्यटनस्थळे म्हणून पाहिली, एक या राज्यात, एक त्या राज्यात, तर ही बाई कुठेच पूर्ण दिसत नाही. फेरिश्ताचेही तसेच. दख्खनचा हा मोठा इतिहासकार नगरच्या दरबारात वाढला आणि विजापुरात बसून त्याने ग्रंथ लिहिला. त्या काळात माणसे, कारागीर, तोफा, सुना, पुस्तके याच रस्त्याने जात-येत होती.

परांडा हा या वाटेवरचा माझा सर्वांत आवडता थांबा. मोगलांनी १६०० मध्ये नगर घेतल्यावर काही काळ निजामशाहीची गादी इथे होती. भुईकोट, दुहेरी तट, भोवती खंदक आणि बुरुजांवर अजूनही पडून असलेल्या तोफा. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय किल्ल्यात शेळ्या घेऊन आलेला एक म्हातारा होता. त्याने आम्हांला आपणहून एका तोफेकडे नेले. “बाई, ही धाकली. थोरली विजापूरला नांदायला गेली,” असे म्हणाला. मुलूखमैदानची गोष्ट त्याला वडिलांकडून आलेली होती. फलक एकही नव्हता. ही माहिती परांड्याच्या एका शेळक्याच्या तोंडी जिवंत आहे याचा मला आनंद झाला आणि ती फक्त त्याच्याच तोंडी आहे याचे वाईट वाटले. इथून जवळ डोमगावला कल्याणस्वामींची समाधी आहे. तिथे दर्शनाला येणारी माणसे भरपूर, पण त्यांतली किल्ल्याकडे वळणारी विरळा.

एक आक्षेप मला प्रत्येक वेळी ऐकू येतो आणि तो मी टाळणार नाही. शेजारच्या एका बाईंनी तो तोंडावर विचारला: “अफजलखान ज्यांनी पाठवला, त्यांचे घुमट कशाला बघायचे?” आदिलशाहीने १६५९ मध्ये अफजलखानाला पाठवले हे खरेच आहे. शिवरायांनी त्याचा पराभव केला तो प्रतापगड आज जागतिक यादीत आहे, याचा अभिमान मलाही तेवढाच आहे. पण त्याच यादीतला शिवनेरी घ्या. १६३० मध्ये महाराजांचा जन्म झाला तेव्हा तो निजामशाहीत होता. पन्हाळा आदिलशाहीकडून घेतला, जिंजीही आदिलशाहीकडूनच. मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. मोगलांनी निजामशाही मोडत आणली तेव्हा नगर जिल्ह्यातल्याच पेमगिरीवर एका लहान निजामशहाला गादीवर बसवून ते राज्य आणखी तीन वर्षे जिवंत ठेवले ते शहाजीराजांनी. माहुलीच्या तहापर्यंत, १६३६ पर्यंत, ते त्यासाठी लढले. स्वराज्य ज्या जमिनीत उगवले ती जमीन बघितली नाही तर ते किती अवघड होते हे आपल्याला कळणार कसे? शिवरायांनी कोणत्या ताकदीला आव्हान दिले हे गोलघुमटाखाली उभे राहिल्यावर मला जितके कळले तितके पाठ्यपुस्तकातून कधी कळले नव्हते. शिवाय या राज्यांचा कारभार कोण चालवत होते? फेरिश्ता लिहितो की पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुलाचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत आणले आणि ते काम ब्राह्मणांकडे दिले. गावोगावचे देशमुख, देशपांडे, कुलकर्णी हे त्या व्यवस्थेचे भाग होते. त्यांचे वंशज आजही आपल्या शेजारी राहतात.

गोलघुमटाबद्दल थोडे. सहलीची मुले सात मजले चढून वर जातात, सज्जात उभी राहून ओरडतात, आवाज परत येतो, खाली उतरतात आणि बस सुटते. मी स्वतः अशा सहली नेल्या आहेत, वेळापत्रकच तसे असते. पण खालून वर बघा. चौकोनी खोली आहे आणि तिच्यावर गोल घुमट ठेवायचा आहे, आतून सुमारे ३८ मीटर रुंदीचा, मध्ये एकही खांब नाही. त्यासाठी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उभारल्या, त्यांनी चौकोनाचा अष्टकोन केला आणि घुमटाचा भार आतल्या बाजूला वळवला. सुमारे १६५६ मध्ये, मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूच्या सुमारास, हे काम थांबले. भूमितीचा एक अख्खा तास या एका वास्तूत घेता येतो. आणि गोलघुमटाच्या गर्दीतून बाहेर पडून पश्चिमेला इब्राहिम रोजाला जा. मलिक संदलने बांधलेली ही वास्तू दोन्हींत अधिक सुंदर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अक्षरांच्याच जाळ्या केल्या आहेत. दगडात कोरलेल्या ओळींतून उजेड आत येतो. तिथे चिरनिद्रा घेणारा दुसरा इब्राहिम आदिलशहा संगीताचा वेडा होता. ‘किताब-ए-नवरस’ हा त्याचा दखनीतला गीतसंग्रह, आणि त्यात सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती आहे. माझी नणंद घरात रोज गणपतीची आरती करते. हे ऐकल्यावर ती रोज्याच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिली.

परतीच्या वाटेवर नळदुर्ग. त्याच इब्राहिमच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर धरण घातले आणि धरणाच्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात भिंतीवरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि खिडकीत बसलेल्या माणसासमोर पाण्याचा पडदा असतो. सोलापूरहून जेमतेम तासाभराचा रस्ता. दुष्काळी भागात पाणी अडवण्याचे आणि त्यातून आनंद घेण्याचे इतके सुंदर उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

बिदरला आम्हांला वेळ कमी पडला. महमूद गवानचा १४७२ चा मदरसा, त्यावरची निळी-हिरवी फरशी जिथे उरली आहे तिथे अजून झळकते. अष्टूरला अहमदशहा वलीच्या घुमटात राखणदाराने दाराशी आरसा धरून ऊन आत सोडले तेव्हा छतावरचे रंग दिसले. त्या दर्ग्याच्या उरुसात लिंगायत जंगमाचा मान आहे. नौबादला जमिनीखालून पाणी आणणारे कारेज आहे, पंधराव्या शतकातले. त्यावर वेगळाच लेख हवा.

आता मागणी. जिंजीसाठी महाराष्ट्र तमिळनाडूबरोबर एका प्रस्तावात बसला, म्हणजे राज्यांच्या सीमा ओलांडून असे प्रस्ताव होतात, हे सिद्ध झालेले आहे. तसेच दख्खनच्या प्रस्तावात नगरचा फराहबाग, दमडी मशीद आणि किल्ला, परांडा, नळदुर्ग आणि दौलताबाद यावेत. त्याआधी फराहबागेच्या तलावात पाणी परत आणता येईल का, हे पुरातत्त्व खात्याने तपासावे. परांड्याच्या प्रत्येक तोफेपाशी मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषांत फलक हवा आणि तिथून विजापूरला गेलेल्या तोफेचा त्यात उल्लेख हवा. मुलूखमैदानच्या बुरुजावरही नगरचे नाव ठळक यावे. दोन्ही राज्यांच्या एसटी महामंडळांनी मिळून नगर-परांडा-सोलापूर-विजापूर-नळदुर्ग-बिदर अशी हिवाळ्यातली एक बस सोडावी. रस्ते चांगले आहेत, अंतरे फार नाहीत. शाळांच्या सहली दिवाळीनंतर ठरतात. नगर आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या मुख्याध्यापकांनी या वर्षी विजापूरच्या सहलीला एक मुक्काम जोडून मुलांना आधी परांड्याला न्यावे. जेवणाची सोय बार्शीत होते, आणि किल्ल्यात सकाळी गेल्यास ऊन लागत नाही.