तांदळातलं नाव

पुढच्या महिन्यात आमच्या पुतण्याचं लग्न आहे. मुलगी इंजिनिअर, पगार पुतण्यापेक्षा थोडा जास्तच. (ही माहिती आमच्या घरात हळू आवाजात देतात.) हॉल ठरला, भटजी ठरले, जिलबी की गुलाबजाम हा वादही मिटला. राहिलं एकच. मुलीचं नाव काय ठेवायचं!

आता मुलगी सव्वीस वर्षांची आहे. तिला नाव आहे. तिचे आईवडील, तिची शाळा, विद्यापीठ आणि आयकर खातं तिला त्याच नावाने ओळखतात, आणि आजवर कुणाची तक्रार नाही. तरी आमच्या थोरल्या काकांनी व्हॉट्सॲपवर नावं मागवली आणि रात्रीपर्यंत एकोणीस टेंडरं आली. मी लिहिलं, 'आहे तेच राहू दे.' त्यावर काकांनी दोन जोडलेले हात पाठवले. आमच्या घराण्यात त्या चित्राचा अर्थ 'गप्प बस' असा होतो. म्हणून हे इथे लिहितो आहे.

मी पोतनीस. पोत म्हणजे खजिना आणि नीस म्हणजे मूळ फारसीतला नवीस, लिहिणारा. थोडक्यात खजिन्याचा कारकून. चिटणीस, फडणीस, सबनीस, कारखानीस हे सगळे आमचेच भाऊबंद, लेखणी कानावर ठेवून जन्मलेले. मी बँकेत काऊंटरवर बसतो, म्हणजे इतक्या पिढ्यांत आमच्या घराण्याने बोरूचा कीबोर्ड केला, एवढीच काय ती प्रगती. कुलकर्ण्यांचं तर वतनच १९५० सालच्या कायद्याने गेलं, पण कुलकर्णी जिथल्या तिथे आहेत. गाव सोडून दीडशे वर्षं झाली, तिथली एसटी कुठल्या फलाटावर लागते ठाऊक नाही, तरी माणूस त्या गावाचा 'कर' दारावरच्या पाटीवर भरतोच आहे. म्हणजे पुरुषाची रीत अशी की खापरपणजोबाची गेलेली नोकरीसुद्धा नावातून सोडायची नाही. आणि बाईने मात्र आत्याने बारशाला कानात कुर्रर्र करून सांगितलेलं स्वतःचं नाव, जे तिचं एकटीचं आहे, ते मांडवात काढून ठेवायचं. चपला काढतात तसं. फरक इतकाच, की चपला निदान परत मिळण्याची शक्यता असते.

हे काही आमच्या काकांनी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई, त्याही माहेरच्या यमुनाच. झाशीची राणी माहेरची मनकर्णिका तांबे, लग्नानंतर लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले! दोन यमुना गेल्या, दोन मनकर्णिका गेल्या. एवढ्या कर्तबगार बायका, पण माहेरच्या नावाने ओळखायचं म्हटलं तर आपल्याला कोडं घालावं लागतं.

कुणी म्हणेल, नावात काय आहे? त्यांनी एक दिवस माझ्या काऊंटरवर बसावं. नावात काय आहे ते केवायसीच्या फॉर्मला विचारा.

२००९ साली माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, गेले. त्यांची एक मुदत ठेव होती, नॉमिनी 'कुसुम, मुलगी'. आता माझी आई लग्नात, १९७६ साली, सुनंदा झालेली. रेशन कार्ड सुनंदा, पॅन सुनंदा, खातं सुनंदा. कुसुम उरली होती फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. आणि ठेव नेमकी माझ्याच शाखेत. तेव्हा मी, या बाईच्या पोटी जन्मलेला मुलगा, काऊंटरच्या आत बसून तिला म्हणालो, 'आई, तू कुसुम आहेस याला पुरावा काय?' नियमच तसा. मग स्टॅम्प पेपर आला आणि प्रतिज्ञापत्र झालं, 'कुसुम उर्फ सुनंदा'. हा 'उर्फ' आपल्याकडे दोनच ठिकाणी भेटतो, दरोडेखोराच्या बातमीत आणि विवाहित बाईच्या प्रतिज्ञापत्रात. सही करताना आई 'कु'पर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, 'या नावाने हाक मारणारे बाबाच उरले होते रे.' मागे रांग होती. मी म्हटलं, 'पुढे लिही.'

काकांचं म्हणणं, लग्न हा बाईचा नवा जन्म असतो. असेल बुवा. मग जन्मतारीखही बदला! बायका पन्नाशीला पंचवीसच्या होतील आणि ज्येष्ठ नागरिकांचं जादा व्याज वाचल्यामुळे आमची बँक हळदीकुंकवाला स्टीलचे डबे वाटेल. दुसरं म्हणणं, घरात एका नावाच्या दोघी झाल्या तर घोटाळा होतो. आमच्या शाखेत तीन संजय आहेत. मोठा संजय, कॅशचा संजय आणि नुसता संजय. कुणालाही पाटावर बसवून बदललेलं नाही. कायदा म्हणावा, तर लग्नात नाव बदललंच पाहिजे असं सांगणारा कुठलाही कायदा नाही. उलट १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं. फार चांगलं केलं. पण आईचं नाव लिहायचं तर त्या आईला आधी एक धड नाव राहू द्या की!

नाव बदलूच नये असं मी म्हणत नाही. सातारा जिल्ह्यात मुलगी नको म्हणून 'नकोशी', 'नकुशा' अशी नावं ठेवलेल्या अडीचशेहून जास्त मुलींची २०११ साली समारंभाने नावं बदलली. मुलींनी स्वतः नवी नावं निवडली. तसं असेल तर मी स्वतः पेढे वाटीन. आमच्या एकोणीस टेंडरांत मात्र मुलीचं एकही नव्हतं. तिला ग्रुपमध्ये घेतलेलंच नाही.

हे सगळं मी परवा रात्री बायकोला मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. तिने शांतपणे भाजी निवडत ऐकलं. माझं नाव सुहास, म्हणून २००४ साली मी ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुहासिनी' लिहिलं होतं. 'ह' नीट उमटेना तेव्हा भटजींनी हात धरला होता. त्याआधी ती वैशाली होती.

'अजून वेळ गेलेली नाही,' मी म्हटलं. 'गॅझेटमध्ये देऊ. तुझं नाव परत घे.'

'आधार, पॅन, पासपोर्ट, गॅस, दोन पॉलिसी आणि तुमच्या बँकेतलं खातं,' ती बोटं मोजत म्हणाली. 'एवढ्या ठिकाणी मी फिरू? तुम्ही नाव दिलंत, तुम्हीच रजा काढा.'

सोमवारपासून चार दिवसांची रजा टाकली आहे. मॅनेजर कारण विचारतात.