हात होते, गिऱ्हाईक नव्हते

अठराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर दुकानांच्या काचांमागे राजा, मंत्री, सरदार यांची टिंगल करणारी छापील चित्रे टांगलेली असत आणि बाहेर बघ्यांची गर्दी जमे. त्याच शतकात पुणे हिंदुस्थानच्या राजकारणाचे केंद्र होते, पण तिथे असे एकही दुकान उभे राहिले नाही. या फरकाचे एक ठरीव स्पष्टीकरण आपण वर्षानुवर्षे उगाळत आलो आहोत. मराठ्यांना तलवार कळली, यंत्र कळले नाही. कारागिरांकडे हुन्नर नव्हता, जाणत्यांकडे जिज्ञासा नव्हती. जी काही होती ती सोवळ्याने मारली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या भौतिक शास्त्रांकडील दुर्लक्षावर कठोर टीका केली. तोफा आणि नौका यांच्याबाबतीत तीत बरेच तथ्य आहे. परंतु तीच टीका चित्र कोरण्याच्या आणि छापण्याच्या कलेला सरसकट लावणे म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरवणे आहे.

हुन्नराचा आक्षेप आधी तपासू. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट पुण्यात होता तेव्हा गंगाराम चिंतामण तांबट नावाचा चित्रकार त्याच्यासाठी काम करत होता. १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा चितारला. कार्ल्याचे आणि वेरूळचे लेणे त्याने असे रेखाटले की खांबांची मापे आणि छायाप्रकाश दोन्ही नीट यावेत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यात आला, सवाई माधवरावाच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली आणि तिथे गंगाराम शिकला. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने लंडनमध्ये चोवीस चित्रांचा संच १८०३ साली छापून विकला. रेखाटने मराठी मुलखातली, ती करताना मराठी हाताची साथ, आणि छपाई व विक्री मात्र लंडनची. यात हुन्नर कुठे कमी पडला?

आता सोवळ्याचा आक्षेप. महाराष्ट्रात ताम्रपटांवर कोरून छापलेली पहिली देवनागरी पोथी कोणती, तर भगवद्गीता. ती छापण्याची कल्पना नाना फडणविसांची. मॅलेटच्या सहवासात तयार झालेला एक तांबट कारागीर त्या कामी लागला होता. १८०० मध्ये नाना गेले, पुण्यातला आधार तुटला, आणि तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला. तिथे १८०५ मध्ये ती पोथी छापून निघाली. शाई आणि तांब्याचा विटाळ मानणारा समाज पहिल्याच खेपेला आपला सर्वांत पूज्य ग्रंथ छापायला काढत नाही. आणि हे करवून घेणारे दोघेही ब्राह्मण, एक मुत्सद्दी, दुसरा सरदार. कोणी म्हणेल, एका पोथीने परंपरा होत नाही. अगदी खरे, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. ती पोथी एकटी राहिली, कारण तिच्यामागे एकेक आश्रयदाता होता. आश्रयदाता मेला की काम थांबे, दुसरा भेटला की पुन्हा सुरू होई. हजारो अनोळखी गिऱ्हाइकांच्या भरवशावर तो तांबट पुढचा पत्रा कोरायला घेऊ शकत नव्हता.

इंग्लंडमध्ये नेमके हेच बदलले होते. विल्यम होगार्थच्या चित्रांच्या चोरट्या नकला निघत. त्याने इतर खोदकारांना सोबत घेऊन पार्लमेंटकडे दाद मागितली, आणि १७३५ च्या कायद्याने चित्र कोरणाऱ्याला आपल्या चित्रावर चौदा वर्षांचा हक्क मिळाला. तो कायदा अमलात येईपर्यंत होगार्थने एका उधळ्या वारसदाराच्या अधोगतीची आपली चित्रमालिका विक्रीला काढली नाही. १७५१ मध्ये जिनच्या व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या वस्तीचे चित्र त्याने एका शिलिंगला विकले. मॅथ्यू आणि मेरी डार्ली हे दांपत्य छानछोकी तरुणांची व्यंगचित्रे विकत होते. भिंतीवर चिकटवायला आणि लाकडी सामान सजवायला नक्षीची चित्रेही लंडनच्या दुकानांत मिळत. व्यंग आणि शोभा एकाच गल्ल्यावर पोसली जात होती. हक्क आणि बाजार या दोन गोष्टी मिळाल्या म्हणून कोरणारा हात स्वतःच्या पायावर उभा राहिला.

आपल्याकडे व्यंगाची किंवा शोभेची भूक नव्हती असेही नाही. मेणवलीच्या वाड्याच्या भिंती नानांनी चित्रांनी भरवल्या. अनंत फंदीचे फटके लोकांचे दोष त्यांच्या तोंडावर सांगत. बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी १७९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत अफाट काव्य लिहिले. ते हाताने उतरवलेल्या पोथ्यांतून आणि कीर्तनकारांच्या मुखातून गावोगाव गेले. म्हणजे शोभेला भिंत होती, उपहासाला आवाज होता, काव्याला कीर्तन होते. या वाटांवर श्रोता भरपूर होता, पण चार पैसे टाकून कागद घरी नेणारा गिऱ्हाईक तयार होत नव्हता. चित्राचा बाजार कुठे होता ते एका मोहिमेवरून दिसते. १७९१ च्या मे महिन्यात टिपूवर चालून गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणहून मागे फिरला. वाटेत त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेने त्या माघारीची टर उडवणारे चित्र लंडनमध्ये विकायला ठेवले. मोहिमेत मराठी फौज होती. त्या मोहिमेवरचे चित्र मात्र लंडनच्या बाजारात निघाले.

सर्वांत वजनदार आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. इंग्लंडात छपाईपूर्व परवान्याचा कायदा १६९५ मध्ये संपला. पेशवाईत कारभाऱ्यांचे व्यंगचित्र कोण विकू धजला असता? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. पण तो अपुरा आहे. स्वातंत्र्य असूनही १७९७ पासून खुद्द गिलरे सरकारकडून वर्षाला दोनशे पौंड घेत होता. आणि स्वातंत्र्य हेच मुख्य कारण असते, तर शोभेच्या आणि देवादिकांच्या चित्रांना पुण्यात कोणाची आडकाठी होती? रामपंचायतन छापायला कोणाची परवानगी लागत नव्हती. तरीही ते पेशवाईत छापले गेले नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना काढला, तेव्हा पुण्यातच शिळाछापाचे रामपंचायतन निघाले, नाना फडणविसांचे चित्र निघाले, आणि सामान्य माणसाने ते विकत घेऊन घरात लावले. त्या वेळी राज्य इंग्रजांचे होते, स्वातंत्र्य पेशवाईपेक्षा जास्त होते असे कोणी म्हणणार नाही. पुण्यातले हात तेच होते, देवही तेच. बदलले होते ते स्वस्त छपाईचे तंत्र आणि पगारदार, शिकलेला, खिशात आणे असलेला गिऱ्हाईक.

म्हणून अठराव्या शतकातल्या मराठी कारागिरावर ठेवलेला नाकर्तेपणाचा ठपका मागे घेतला पाहिजे. त्याला मॅलेटखेरीज कायमचा गिऱ्हाईक मिळाला नाही. गंगाराम तांबटाची कार्ल्याची, वेरूळची आणि पेशव्यांच्या गेंड्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात आहेत.