डॉल्फिन दाखवायचा की पळवायचा?

मंडळी, टुरिस्ट सीझन तोंडावर आलाय. शिकेरी, नेरुलचा कोको बीच, बागा, मोरजी, खाली पाळोळे, सगळीकडे बोटींना रंग लागतोय, इंजिनं उघडून बसलीत. आपल्या बऱ्याच सभासदांच्या घरात आता डॉल्फिन ट्रिपचा पैसा येतो. काहींच्या घरात तर मासळीपेक्षा जास्त. त्यामुळे हंगाम सुरू व्हायच्या आत एका पाटीबद्दल बोलायला हवं. किनाऱ्यावर जागोजाग दिसते ती : ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत.’

आमचं मत स्पष्ट आहे. ही पाटी आपल्या धंद्याची माती करतेय.

कसं ते बघा. ट्रिप तासाभराची. डिझेल, पोराची मजुरी, एजंटचं कमिशन हे सगळं आधीच गेलेलं. डॉल्फिन दिसला नाही तर पूर्ण फेरी अंगावर. मग तांडेल काय करणार? लांबवर पाठ दिसली की इंजिन पुरं सोडतो. त्याला बघून दुसरा येतो, तिसरा येतो. पाच मिनिटांत आठ-दहा बोटी एका टोळीभोवती. डॉल्फिन बुडी मारून लांब निघतात, की सगळे परत मागे. बोटीतली माणसं मोबाईल घेऊन एकाच बाजूला झुकतात. २०२४ च्या नाताळच्या दिवशी कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एक माणूस गेला, ते अजून कुणी विसरलेलं नाही. त्या बोटीचं काय झालं ते इथं उगाळत नाही, पण भरलेली बोट एका अंगाला कलली की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको.

यात तांडेल वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. त्याच्याकडून ती पाटी हे करून घेते.

आता डॉल्फिनचं. डॉल्फिन म्हणजे काही देव नव्हे. जाळं फाडतो, अडकलेली मासळी ओढून नेतो, हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? पण आपल्या किनाऱ्याला जो कुबडवाला डॉल्फिन दिसतो तो खोल दर्यातला पाहुणा नाही. तो उथळ पाण्यातच राहतो, नदीच्या मुखाशी शेवटे धरतो, तिथंच पिल्लं वाढवतो. म्हणजे रोज सकाळी ज्यांच्या मागे लागतो त्या फार तर थोड्या ठरलेल्या टोळ्या असतात. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही वर्षभर पोटात वाढवून, आणि मग ते बराच काळ आईच्या अंगाला चिकटून असतं. जगभरात ही जात धोक्यात धरलेली आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन अनुसूची १ मध्ये येतो, वाघाच्या रांगेत. त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकणं हेही शब्द व्याख्येत आहेत. उद्या कुणी व्हिडिओ काढून तक्रार केली तर परवाना कुणाचा अडकेल?

कुणी म्हणेल, इतकी वर्षं चाललंय, कुठं गेले डॉल्फिन? ऑस्ट्रेलियात शार्क बे म्हणून जागा आहे. तिथं संशोधकांनी बरीच वर्षं डॉल्फिन मोजले. ज्या भागात टूरच्या बोटी फिरायच्या तिथं एकाच्या दोन कंपन्या झाल्यावर डॉल्फिन कमी झाले. शेजारच्या, बोटी नसलेल्या भागात तसं झालं नाही. शेवटी सरकारनं दोनातला एक परवाना काढून घेतला. दोन कंपन्यांची ही गोष्ट. आपल्या एकेका किनाऱ्यावर किती बोटी लागतात ते मोजा.

मग पैसे परत देऊच नयेत का? तसं नाही. न्यूझीलंडमध्ये कायकोरा नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकात तिथल्या रेल्वेच्या नोकऱ्या गेल्या, माओरी लोक बेकार झाले. १९८७ मध्ये तिथल्या काही घरांनी राहती घरं तारण ठेवून देवमासा दाखवायचा धंदा सुरू केला. आज तो गावाचा मुख्य धंदा आहे आणि मालकी त्याच लोकांची. देवमासा दिसला नाही तर ते तिकिटाचे ८० टक्के परत देतात. पण तो पैसा कंपनीच्या गल्ल्यातून जातो, बोट चालवणाऱ्याच्या खिशातून नाही. शिवाय देवमाशाच्या ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनच बोटी, हा तिथला कायदा. कप्तानाला घाई करायचं कारणच उरत नाही.

आपल्याला हे जमणार नाही असं कोण म्हणतो? रापणीला दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, कमी मासळी आली तर सगळ्यांना कमी. एकट्याच्या डोक्यावर बुडवत नाही. ट्रिपलाही तोच हिशेब लावा. एक तिकीट खिडकी, बोटींना पाळी, प्रत्येक तिकिटातून थोडा पैसा सोसायटीच्या फंडात. डॉल्फिन दिसला नाही तर परतावा त्या फंडातून. ज्याची पाळी होती त्याला त्याची फेरी पूर्ण मिळाली पाहिजे. एजंटलाही मग खिडकीवर यावं लागेल, आणि कमिशन आपण ठरवू.

आणि पाण्यात गेल्यावर : टोळीजवळ तीनच बोटी, बाकीच्यांनी लांब थांबायचं. समोरून किंवा मागून घुसायचं नाही, बाजूनं, त्यांच्या चालीनं चालायचं. पन्नास मीटरवर गिअर काढायचा. पिल्लू असेल तर दहा मिनिटांत निघायचं. गाणी बंद. थांबलेल्या बोटीजवळ डॉल्फिन आपसूक येतात हे वाघूर घेऊन बसणारा प्रत्येक जण सांगेल.

उरलेल्या वेळात काय दाखवायचं? अहो, दर्या काय रिकामा आहे? शापोऱ्याच्या मुखाशी मोरजीच्या वाळूवर थंडीत कुरवांचे थवे बसतात, त्यातले तपकिरी डोक्याचे तिबेट-लडाखच्या तळ्यांवरून आलेले. मोठाल्या लेन्सा घेऊन माणसं ते बघायला येतात आणि आपण त्यांच्यासमोरून फुल स्पीडनं जातो, थवा उडवून. बंदी उठल्यावर लांब गेलात की पाण्यावर पाय टेकत चालल्यासारखं उडणारं छोटं काळं पाखरू दिसतं, शेपटीच्या वर पांढरा पट्टा असलेलं. ते अंटार्क्टिकाकडं अंडी घालतं आणि आपल्या पावसाळ्यात इथं येतं. सुरय कुठं सूर मारतात त्यावरून तारले कुठं आहेत हे कसं ओळखायचं, ते शहरातल्या माणसाला दाखवा. तो डॉल्फिन विसरेल.

देवमाशाची पाटी मात्र कुणी लावू नका. तो आपल्या दर्यातून जातो हे खरं. २०१७ च्या शेवटी ओमानजवळ टॅग लावलेली लुबान नावाची मादी अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली होती. पण तो भेटला तर नशीब, विकायचा माल नव्हे.

एक अडचण आम्हालाही दिसते. सभासद नसलेल्या बोटी आणि वॉटर स्पोर्ट्सवाले हे पाळणार नाहीत. आपण थांबलो आणि ते घुसले, तर गिऱ्हाईक आपल्यालाच शिव्या घालणार. त्यासाठी कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडं एकत्र जाऊन तीन बोटींचा नियम सगळ्यांनाच लावायला सांगावं लागेल. पण आधी आपल्या बोटी तो पाळतात हे दाखवता आलं पाहिजे, नाहीतर साहेब पहिला प्रश्न तोच विचारतील.

सीझनच्या आधीच्या बैठकीत हा विषय पहिला घेतोय. ज्यांच्या बोटी ट्रिपला लागतात त्यांनी परवान्याची झेरॉक्स आणि गेल्या सीझनमध्ये किती फेऱ्यांचे पैसे परत द्यावे लागले तो आकडा घेऊन यावं. फंडात तिकिटामागं किती टाकायचे ते त्या आकड्यावरून ठरेल. बायकांनीही यावं, कारण बहुतेक घरांत हिशेबाची वही त्यांच्याकडंच असते.