‘कुजकट’ या शब्दाविषयीं

शाळेंत कोणी शिवी दिली तर ती शिक्षकांच्या कानांवर तत्काळ येते, व शिक्षाहि होते. परंतु ठिगळ लावलेला सदरा घालून एखादा मुलगा वर्गांत शिरला आणि मागल्या बांकावरून ‘या राजेसाहेब!’ असे उद्गार निघाले, तर दोष कोणत्या शब्दास द्यावा? ‘या’ हा शब्द आदराचा. ‘राजेसाहेब’ तर त्याहूनहि. बोलणारास विचारावें, तर उत्तर ठरलेलें : ‘सर, मीं नुसती थट्टा केली.’

यास थट्टा म्हणूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. मराठींत यास स्वतंत्र नांव आहे, तें ‘कुजकट’. मळापासून मळकट, तेलापासून तेलकट, तसें कुजण्यापासून कुजकट. मळ वरून लागतो व धुतां येतो. कुजणें आंतून होतें, आणि वरची साल पुष्कळदां तुकतुकीत राहते. बोलण्यास हा शब्द ज्या कोणा आजीबाईंनीं प्रथम लाविला असेल, त्यांस आम्ही मोठ्या भाषापंडित समजतों. निष्ठुर मनुष्य उघड घाव घालतो. कुजकट बोलणारा घाव घालून वर ‘मीं असें काय म्हटलें?’ म्हणून विचारतो.

हेतु शब्दाच्या रूपावरून कळत नाहीं, याचें एक जुनें उदाहरण पाणिनीच्या अष्टाध्यायींत आहे. तिच्या पांचव्या अध्यायांत ‘क’ हा प्रत्यय तिरस्काराच्या अर्थीं सांगितला आहे, आणि लगेच पुढें तोच अनुकंपेच्या अर्थींहि सांगितला आहे. ‘अश्वक’ म्हणजे भिकार घोडें. ‘पुत्रक’ म्हणजे बिचारें लेकरूं. आपल्याकडे गोविंदास ‘गोंद्या’ आई म्हणते, व हेटाळणाराहि म्हणतो. गोविंदास मात्र फरक त्याच क्षणीं उमजतो. त्याला सूत्र पढवावें लागत नाहीं.

पालकांस एक विनंती. हा शब्द भलत्या ठिकाणीं खर्च करूं नये. ‘तूं अभ्यास केला नाहींस’ असें तोंडावर सांगणारे शिक्षक कठोर असतील, कुजकट नव्हेत. आणि मागल्या बांकावरील मुलें ही विद्या शाळेंतच शिकतात, असेंहि नाहीं. ‘आमच्या चिरंजीवांना पांचवी इतकी आवडली कीं, दोन वर्षें तेथेंच आहेत,’ असें वडील पाहुण्यांदेखत हंसत म्हणतात, तेव्हां घरांतील कोणी त्यांस कुजकट म्हणत नाहीं; विनोदी म्हणतात. चिरंजीव पाण्याचा तांब्या पाहुण्यांपुढें ठेवतात आणि मुकाट्यानें आंत निघून जातात.