बाण वाचता आला की कोड वाचता येतो



आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात हल्ली पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, मुलाला कोडिंगच्या क्लासला घालू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: घाला, पण तिथे चिन्हं वाचायला शिकवतात का, ते आधी विचारा.

हे अनुभवाने सांगते. मी डी.एड. केलेली प्राथमिक शिक्षिका. वर्गाच्या निकालाचं पान बनवायचं म्हणून घरीच पीएचपी शिकले. उदाहरणं बघून नुसतं उतरवत गेले. एका संध्याकाळी $विद्यार्थी->$नाव असं लिहिलं आणि सगळ्या मुलांची नावंच गायब! दोन तास गेले. चूक होती दुसऱ्या डॉलरची. बाणाच्या पुढे डॉलर लागत नाही. (पीएचपीत चलांची नावं देवनागरीतही चालतात बरं का.)

मग लक्षात आलं, की मी ते चिन्ह कधी मोठ्याने वाचलंच नव्हतं. आपण पहिलीच्या मुलाला अक्षर नुसतं गिरवायला लावत नाही, उच्चारही करून घेतो. इथेही तेच करायचं:

-> म्हणजे 'चा, ची, चे'. $विद्यार्थी->नाव = विद्यार्थ्याचे नाव. सरळ षष्ठी विभक्ती! फक्त इथे सामान्यरूप होत नाही, शब्द आहे तसाच राहतो.

=> म्हणजे 'ला'. 'मराठी' => 82 = मराठीला 82. हा बाण यादीत जोडी लावतो, वस्तूच्या आत शिरत नाही. दोन्ही बाणांत मुलांचा गोंधळ इथेच होतो.

:: म्हणजे 'सगळ्यांचे मिळून'. शाळेची वेळ एकट्या मुलाची नसते, म्हणून शाळा::वेळ. इथे एका वस्तूला नाही, तिच्या साच्यालाच विचारायचं.

?-> म्हणजे 'असेल तर त्याचे'. हे 2020 च्या पीएचपी 8 मध्ये आलं. नोंदच नसलेल्या मुलाचं नाव विचारलं तरी कुरकुर होत नाही.

आणि टिंब? जावास्क्रिप्टमध्ये 'चे'चं काम टिंब करतं. पीएचपीत मात्र ते शब्दाला शब्द जोडतं.

कुणी म्हणेल, तांत्रिक गोष्टीत मातृभाषा कशाला? पीएचपीचं इंजिन लिहिणारे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स इस्रायलचे. त्यांनी :: ला हिब्रू नाव दिलं, 'पामायिम नेकुदोतायिम', म्हणजे दोनदा दोन टिंबं. जगभरचे प्रोग्रामर वर्षानुवर्षं चुकीच्या संदेशात हा हिब्रू शब्द वाचत आले. त्यांना लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

आमच्या वर्गात मराठी मूल 'चे' म्हणेल, कॅम्पातल्या सिंधी घरातलं 'जो' म्हणेल, हिंदी बोलणारं 'का' म्हणेल. म्हणू द्या. बाण एकच आहे, अर्थही एकच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आहे. म्हणजे आपल्या प्राथमिकच्या मुलांना घाई नाही. तोवर आपण विभक्ती नीट शिकवूया. तिसरी-चौथीत 'कोणाचे काय' हे पक्कं झालेलं मूल पुढे बाण बघून बिचकणार नाही.

क्लासची फी भरण्याआधी मुलाला एकच ओळ दाखवा आणि म्हणा, "वाचून दाखव." वाचता आली तर तो शिकतोय. नाहीतर तो माझ्यासारखा नुसता उतरवतोय.