मुळशीचा मावळा आणि शाळेतील प्रतिज्ञा

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
सेनापती बापट मार्ग, पुणे.



पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने १९६२ साली रचलेली आणि आज आपल्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापली जाणारी जी प्रतिज्ञा महाराष्ट्रातील लक्षावधी मुले हात पुढे करून म्हणतात, तिच्यात देशावर प्रेम करण्याबरोबरच सर्व देशवासीयांना बांधव मानण्याचे वचनही आहे. यांपैकी पहिले वचन समजावून देणाऱ्या पाठांची आपल्याकडे वाण नाही. परकी सत्तेशी झुंजलेल्या वीरांच्या कथा मुले आवडीने वाचतात, आणि तशा त्या वाचल्याही पाहिजेत. परंतु ज्याला बांधव म्हणावयाचे त्याच्याच हिताशी आपल्या हिताचा विरोध येतो, तेव्हा त्या वचनाचे काय करावे, हा प्रश्न मुलांच्या पुढे क्वचितच ठेवला जातो. आणि तो ज्या भूमीवर अत्यंत कठोरपणे विचारला गेला ती भूमी आपल्या कचेरीपासून फार दूर नाही. पौडच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघालेला प्रवासी दोन तासांच्या आत मुळशीच्या जलाशयापाशी पोहोचतो. त्या तालुक्याचा एक रहिवासी या नात्याने हे पत्र आपणांस लिहीत आहे.

१९१९ साली स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने मुळा व निळा या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधून, पूर्वेकडे भीमेला मिळणारे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्यास सोडावयाचे आणि त्या प्रपातावर निर्माण होणारी वीज मुंबईस पुरवावयाची, अशी योजना आखली. योजना भव्य होती, कल्पकतेची होती, आणि मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या परावलंबनातून सोडविणारी होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिच्यासाठी पन्नासच्या आसपास गावे आणि आंबेमोहोर पिकविणारी खोऱ्यातील उत्तम भातखाचरे पाण्याखाली जावयाची होती. ज्यांची ती खाचरे, त्यांना विचारण्याची आवश्यकता कोणास भासली नाही. मालकाच्या परवानगीवाचून शेतात चाचणीचे चर खणले गेले. आणि विरोध सुरू होताच १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने जमिनी कंपनीच्या हवाली करण्याचा मार्ग मोकळा केला. एका खाजगी कंपनीचे प्रयोजन परकी सरकारच्या दप्तरात सार्वजनिक प्रयोजन ठरले, आणि पिढ्यान् पिढ्या सारा भरीत आलेली रयत आपल्याच शिवारात उपरी ठरली.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडले; हाच मुळशी सत्याग्रह. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव हिंडून लोक उभे केले. पांडुरंग महादेव बापट यांनी नेतृत्व पत्करले, आणि पुढे जन्मभर त्यांच्या नावामागे लागलेली 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांनी उतारवयात यासाठी कारावास सोसला. आणि ज्यांची नावे कोठल्याही स्मारकावर कोरलेली नाहीत अशा कितीतरी मावळ्यांनी, त्यांच्या घरच्या स्त्रियांनीदेखील, तुरुंगाची वाट धरली. महात्मा गांधींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त लिहून टाटांनी कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी विचारविनिमय करावा अशी इच्छा प्रकट केली. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. जमिनीचे कागदोपत्री मालक असलेले पुण्याचे कित्येक सावकार मोबदला घेऊन मोकळे होण्याच्या मताचे होते. ज्याचा घाम त्या खाचरात मुरला होता त्या कुळाला मोबदल्याच्या हिशेबात फारसे स्थान नव्हते. शहरातील पाठिंबा ओसरत गेला. अखेर डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी धरणाचे साहित्य नेणारी गाडी सशस्त्र अडविली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. ते शस्त्र त्यांनी उचलावयास नको होते असे माझे मत आहे, कारण त्यामुळे निःशस्त्र बसलेल्या मावळ्यांचा नैतिक पक्ष दुबळा झाला. पण त्या कृत्यामागील निराशा समजून न घेता त्याचा निवाडा करणे अन्यायाचे होईल. १९२७ साली भिऱ्याची वीज वाहू लागली, आणि गावे पाण्याखाली गेली ती गेलीच.

या लढ्याचा उल्लेख मुलांच्या कानावरून जावा एवढीच माझी अपेक्षा नाही. ओळी-दोन ओळींत मावणारा हा विषयच नव्हे. आपल्या इयत्ता चौथीच्या 'शिवछत्रपती' या पुस्तकाने महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या मनात मावळ्याची मूर्ती घडविली. पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे येथील त्या काटक, इमानी माणसाने स्वराज्यासाठी काय केले, हे आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. त्याच माणसाच्या वंशजावर अडीचशे वर्षांनी कोणता प्रसंग गुदरला, आणि त्या प्रसंगी त्याने आपल्या मातीवरचा हक्क किती धीराने सांगितला, हे मात्र त्याच मुलाला ठाऊक नसते. शिवकाळातील मावळ्याचा अभिमान बाळगावयाचा आणि १९२१ च्या मावळ्याला विस्मृतीत लोटावयाचे, हे मला आपल्या देशाभिमानातील मोठे वैगुण्य वाटते. कारण पहिल्याच्या शौर्याचे श्रेय घेताना आपल्याला काही द्यावे लागत नाही, दुसऱ्याच्या दुःखाचे स्मरण करताना मात्र आपल्या दिव्याखालची जमीन कोणाची होती हे विचारावे लागते.

यावर असा आक्षेप येईल की, मुलांच्या कोवळ्या मनात देशातीलच उद्योगसंस्थेविषयी किंवा शहरवासीयांविषयी कटुता कशाला पेरावी? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर बापटांच्या चरित्रातच आहे. मुळशीसाठी जन्मठेपेच्या तयारीने उभा राहिलेला हा पुरुष देशाचा द्वेष्टा झाला नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकविण्याचा मान त्यालाच मिळाला, आणि १९५५ च्या मे महिन्यात, पंचाहत्तरीच्या घरात असताना, नानासाहेब गोऱ्यांसमवेत तो गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात शिरला. देशाने आपल्या एका खोऱ्यावर अन्याय होऊ दिला हे निर्भयपणे सांगणे आणि त्याच देशासाठी प्राण पणाला लावणे, या दोन्ही गोष्टी एका अंतःकरणात सुखाने नांदू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मुलांपुढे दुसरे कोणते ठेवणार?

शिवाय हा प्रश्न इतिहासात मिटलेला नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, आणि १८९४ चा कायदा जाऊन नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला; म्हणजे मुळशीकरांनी मागितलेली, विचारले जाण्याची साधी मागणी पूर्णांशाने कायद्यात उतरण्यास नव्वदांहून अधिक वर्षे लागली. आमच्या तालुक्यात मात्र जमिनीची उलथापालथ थांबलेली नाही. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्या आणि लवासाची वसाहत याच तालुक्यात उभ्या आहेत.

म्हणून विनंती अशी की, स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास ज्या इयत्तेत शिकविला जातो तिच्या पुस्तकाची पुढील आवृत्ती काढताना मुळशी सत्याग्रहाचा एक स्वतंत्र, सविस्तर पाठ तीत घालावा. राजेंद्र व्होरा यांच्यासारख्या अभ्यासकाने या लढ्यावर परिश्रमाने ग्रंथ लिहून ठेवला असल्याने साधनांची अडचण पडू नये. पाठात कंपनीची बाजू यावी, सावकाराची यावी, कुळाची यावी, आणि निर्णय मुलांवर सोपवावा. मुंबईचा मुलगा आणि मुळशीचा मुलगा हे दोघेही तीच प्रतिज्ञा म्हणतात. दोघांनीही हा पाठ एकाच वर्षी, एकाच पुस्तकातून वाचावा, एवढी व्यवस्था आपण करावी.



आपला,
एक मुळशीकर